दूध कुठं गेलं? : ‘ॲनिमल फार्म’ घरी वाचताना

वाचकांचे प्रश्न

होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांकडून या वेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच पुस्तकाबद्दल आहेत: जॉर्ज ऑर्वेल यांचं ‘ॲनिमल फार्म’. ऑगस्ट १९४५मध्ये लंडनला छापलेली ही छोटी कादंबरी. शेतावरची जनावरं दारुड्या मालकाला, जोन्सला, हाकलून देतात. डुकरं कारभार हातात घेतात आणि दहा प्रकरणांत स्वतःच मालक होऊन बसतात. सगळा रोख स्टालिनच्या रशियावर आहे. म्हणून हा पूर्ण स्तंभ त्यालाच दिला.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, मुलगा पंधरा. दोघंही घरी शिकतात. नेपोलियन हे डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल हे डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की असा तक्ता इंटरनेटवर मिळाला. तो आधी पाठ करून घ्यावा की पुस्तक आधी वाचावं? एकूण किती दिवस धरावेत? – एक आई, पुणे

तक्ता कपाटात ठेवा, निदान महिनाभर. तो आधी हातात पडला की मुलं गोष्ट वाचतच नाहीत, कोडं सोडवत बसतात. ‘हा कोण?’ याचं उत्तर मिळालं की पान उलटलं. पुढे परीक्षेत लिहायला ते बरं पडतं, पण डुकरांनी सत्ता नेमकी कशी बळकावली हे विचारलं की गप्प बसतात.

इंग्रजी मजकूर साधारण तीस हजार शब्दांचा आहे. मोठ्यानं वाचला तर साडेतीन तासांच्या आसपास संपतो. आठवड्याला तीन बैठका, प्रत्येक तास-सव्वा तासाची, आणि एका बैठकीत एकच प्रकरण. दहा बैठकांत वाचन होतं, त्यानंतर तीन बैठका इतिहासाला आणि उरलेला वेळ लेखनाला. सहा आठवडे पुरतात. सुरुवातीला पार्श्वभूमी म्हणून पाच मिनिटांत सांगता येईल तेवढंच सांगा: लेखकाचं खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा, पुस्तक लिहिलं ते दुसरं महायुद्ध चालू असताना, आणि रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त होता. एवढं बास.

पहिल्या बैठकीपासून दोन गोष्टी चालू ठेवा.

एक म्हणजे भिंत. जनावरं डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत सात नियम लिहितात. तुम्ही काळ्या फळ्यावर खडूनं लिहा आणि फळा घरात येता-जाता दिसेल अशा जागी टांगा. सातही नियम तुमच्याच अक्षरात हवेत, आणि सातही ओळींच्या शेवटी सारखीच जागा मोकळी हवी. नियम इंग्रजीतच लिहा, कारण पुढे जी भर पडते ती इंग्रजीत ओळीच्या शेवटी चिकटते. मराठीत ती वाक्याच्या मध्ये घुसवावी लागते आणि चोरी लगेच पकडली जाते. मुलांना वहीत उतरवायला सांगू नका. सहावं प्रकरण वाचायच्या आदल्या रात्री चौथ्या नियमापुढे, म्हणजे पलंगावर न झोपण्याच्या नियमापुढे, ‘चादर घालून’ अशा अर्थाचे शब्द हळूच जोडा. आठव्याच्या आधी सहाव्या नियमाला, म्हणजे दुसऱ्या जनावराला न मारण्याच्या नियमाला, ‘कारणाशिवाय’ आणि पाचव्याला, म्हणजे दारू न पिण्याच्या नियमाला, ‘प्रमाणाबाहेर’ ही भर घाला. प्रकरण उघडण्यापूर्वी मुलांना फळ्याकडे पाठ करून तो नियम आठवून लिहायला लावा. ‘काय बदललं?’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं की काहीतरी बदललंय हे तुम्हीच सांगून बसता. पुस्तकातल्या क्लोव्हर घोडीला तसं सांगणारं कुणी नव्हतं. तिला नुसतं अंधूक वाटत राहतं की नियम असा नव्हता, आणि ती म्यूरिअल बकरीकडून वाचून घेते.

या खेळात हमखास घडणारी गोष्ट म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलानं पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असतो. रागावू नका, त्याचाच धडा करा. शेतावर असा फोटो कुणाकडे असू शकला असता? वाचता कुणाला येत होतं? बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच चांगलं वाचता येतं, पण तो वाचत नाही. बॉक्सर घोडा चौथ्या अक्षरापुढे जात नाही. कुत्रे वाचायला शिकतात, पण सात नियमांपलीकडे त्यांना काही वाचायचं नसतं. वाचता येणं, वाचण्याची इच्छा असणं आणि वाचलेलं चारचौघांत बोलून दाखवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांकडून त्यांचे तीन रकाने करून प्रत्येक जनावरापुढे खुणा करून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे खाण्याची वही. प्रत्येक प्रकरणानंतर कुणाला काय मिळालं एवढंच लिहायचं. मतं नकोत. दुसऱ्या प्रकरणात पाच बादल्या दूध निघतं. जोन्स कधी कधी काही दूध आमच्या खाण्यात मिसळायचा, असं एक कोंबडी सांगते. नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहून म्हणतो, दुधाचं राहू द्या, कापणी महत्त्वाची. संध्याकाळी जनावरं परततात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. तिसऱ्या प्रकरणात कळतं की ते रोज डुकरांच्या आंबोणात जातंय, सफरचंदंही तिकडेच. सहाव्यात रविवारचं काम ‘ऐच्छिक’ होतं, पण न येणाऱ्याचा शिधा निम्मा. सातव्यात कोंबड्यांची आठवड्याला चारशे अंडी विकायची ठरतात, नवव्यात सहाशे. त्याच नवव्यात डुकरांना रोज एक पाइंट बिअर सुरू होते आणि नेपोलियनला अर्धा गॅलन, म्हणजे चौपट. आणि सगळ्यांची उपासमार चालू असताना स्क्वीलर, म्हणजे नेपोलियनची बाजू गोड बोलून पटवणारं डुक्कर, आकडे वाचून दाखवतो: उत्पादन दोनशे टक्क्यांनी वाढलं, तीनशे टक्क्यांनी, पाचशे टक्क्यांनी. इथं गणिताचा तास घ्या. कशाच्या तुलनेत? मोजलं कुणी? घरातल्या वहीत तो आकडा कुठं बसतो?

दुधाच्या प्रसंगावर एक अख्खी बैठक खर्च झाली तरी चालेल. हा गोष्टीचा वळणबिंदू आहे, असं ऑर्वेल यांनीच १९४६च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकन संपादकाला पत्रातून कळवलं होतं. मुलं इथं एक तपशील जवळजवळ नेहमी गाळतात: दूध आणि सफरचंदं डुकरांनाच, यावर सगळ्या डुकरांचं एकमत असतं, स्नोबॉलसुद्धा. पुढे स्नोबॉलला कुत्रे लावून पळवून लावतात, त्यामुळे तो मुलांचा हिरो होतो. ‘स्नोबॉल राहिला असता तर सगळं सुरळीत झालं असतं’ असं कुणी म्हणालं की तिसरं प्रकरण पुन्हा उघडायला सांगा.

प्रश्न : इतिहास मागाहून जोडायचा तर कसा? रशियन क्रांतीची आम्हालाच नीट माहिती नाही. – एक पालक, कोल्हापूर

एनसीईआरटीच्या जुन्या अभ्यासक्रमातल्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात रशियन क्रांतीवर एक प्रकरण आहे. ते आधी तुम्ही वाचा, मग मुलांना द्या. त्यानंतर तीन रकान्यांचा तक्ता मुलांनीच करायचा: पुस्तकातली घटना, इतिहासातली घटना, आणि तिसऱ्यात दोन्ही कुठं जुळत नाहीत ते. पहिले दोन रकाने कुठूनही उतरवता येतात. खरं काम तिसऱ्या रकान्यात आहे.

जुळणाऱ्या जागा थोडक्यात अशा. जोन्सची हकालपट्टी म्हणजे १९१७ची क्रांती. जोन्स शेत परत घ्यायला येतो ती गोठ्याची लढाई म्हणजे त्यानंतरचं यादवी युद्ध. स्नोबॉलची हकालपट्टी म्हणजे ट्रॉट्स्कीला १९२९मध्ये देशाबाहेर काढलं ते. जनावरं राबून बांधतात ती पवनचक्की म्हणजे १९२८पासूनच्या पंचवार्षिक योजना. कोंबड्या अंडी उंचावरून खाली फोडतात, ते शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणाला शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधासारखं आहे; त्यांनीही जनावरं सरकारी शेतात देण्यापेक्षा मारून टाकली. त्यामागोमाग १९३२-३३चा दुष्काळ आला, युक्रेनमध्ये तर लाखो माणसं उपासमारीनं मेली. सातव्या प्रकरणातले कबुलीजबाब आणि कत्तल म्हणजे स्टालिननं विरोधकांवर चालवलेले १९३६ ते ३८चे मॉस्को खटले. शेजारचा शेतकरी फ्रेडरिक याला विकलेलं लाकूड आणि त्या बदल्यात मिळालेल्या खोट्या नोटा म्हणजे ऑगस्ट १९३९चा हिटलरबरोबरचा करार. पवनचक्की सुरुंगानं उडते ते १९४१चं जर्मन आक्रमण.

आता तिसरा रकाना. १९१७च्या क्रांतीचा नेता लेनिन कुठं आहे? सुरुवातीला बंडाची हाक देणारं म्हातारं डुक्कर मेजर हे मार्क्ससारखं स्वप्न सांगतं, पण त्याची कवटी खांबावर ठेवून तिच्यासमोरून संचलन करतात ते लेनिनच्या जतन केलेल्या देहाची आठवण देणारं. स्वतंत्र असा लेनिन पुस्तकात नाहीच. का नसावा, यावर दोन्ही बाजूंनी एक-एक परिच्छेद लिहून घ्या. पुस्तकातला स्नोबॉल पुन्हा दिसत नाही. ट्रॉट्स्कीचा १९४०मध्ये मेक्सिकोत खून झाला. पवनचक्की पहिल्यांदा पडते ती नोव्हेंबरच्या वादळात, आणि दोष येतो स्नोबॉलवर. पण नवी भिंत बांधताना जाडी अठरा इंचांवरून तीन फूट केली जाते. घातपातच होता तर भिंत दुप्पट जाड कशासाठी? हे वाक्य मुलांना स्वतः सापडू द्या, सांगू नका.

आणखी एक तपशील. पवनचक्की उडते तेव्हा नेपोलियन सोडून सगळी जनावरं जमिनीवर आडवी होतात. आधीच्या मसुद्यात नेपोलियनही आडवा होत होता. छपाईच्या आधी ऑर्वेल यांनी ते बदलायला लावलं, कारण जर्मन फौजा चाल करून येत असताना स्टालिननं मॉस्को सोडलं नव्हतं, आणि त्याचं तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं असं त्यांना वाटलं. विडंबन करणाऱ्यानं कुठवर काटेकोर असावं, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

प्रश्न : आमचे वडील गिरणी कामगार, आयुष्यभर लाल बावट्याचे. ‘हे कामगारांच्या विरोधातलं पुस्तक नातवाला शिकवू नका’ असं म्हणतात. घरात ताण आहे. – एक वाचक, लालबाग, मुंबई

त्यांचा आक्षेप पोकळ नाही. शीतयुद्धात हे पुस्तक तसं वापरलं गेलं हे खरंच आहे. पण पुस्तकात काय आहे ते त्यांच्यासमोर ठेवा. जोन्स जनावरांना उपाशी ठेवतो, बंड त्यातूनच होतं, आणि ते चूक होतं असं पुस्तक कुठंही म्हणत नाही. उलट बंडानंतरची पहिली कापणी जोन्सच्या माणसांपेक्षा दोन दिवस आधी संपते आणि शेतावर तोवर निघालं नव्हतं इतकं पीक येतं. लेखक स्वतः समाजवादी होते. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेले, १९३७च्या मे महिन्यात त्यांच्या गळ्यातून गोळी गेली. ते ज्या डाव्या पक्षाच्या पथकात होते त्याच्यावर पुढच्याच महिन्यात बंदी आली आणि त्याच्या माणसांची धरपकड सुरू झाली. त्यामागे सोव्हिएत पाठिंब्याचे कम्युनिस्ट होते. ऑर्वेल पत्नीबरोबर कसेबसे फ्रान्सला निसटले. स्टालिनवरचा राग तिथून आहे, कामगारांवरचा नाही.

वडिलांना अभ्यासाबाहेर ठेवू नका, त्यांना दोन बैठका द्या. १९२८चा मुंबईतल्या गिरण्यांचा संप सहा महिने चालला, त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वडिलांनी हा संप पाहिलेला नसणार, पण युनियन आतून कशी चालते ते त्यांना ठाऊक आहे. नातवानं त्यांना नेमकं विचारावं: वर्गणीचा हिशेब कोण ठेवायचं? तो कुठं लावला जायचा? सभेत पुढाऱ्याला उलट प्रश्न विचारता यायचा का? विचारणाऱ्याचं पुढे काय व्हायचं? मग पाचव्या प्रकरणात नेपोलियन रविवारच्या सभा बंद करतो तो भाग दोघांनी मिळून वाचावा.

जोडीला दोन मराठी पुस्तकं ठेवा. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. ऑर्वेल रशियन राजवटीवर लिहीत होते साधारण त्याच काळात मुंबईतल्या कामगाराला स्टालिनग्राड कसं दिसत होतं, ते त्यात ऐकू येतं. दुसरं, गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९४५ साली, म्हणजे ‘ॲनिमल फार्म’ आलं त्याच वर्षी, ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्याची ही हकीकत. एकीकडे बंडानंतर नवे मालक तयार झाले, दुसरीकडे वेठ खरोखर सुटली. ‘क्रांती नेहमी फसतेच’ हे वाक्य निबंधात यायचं टळेल.

प्रश्न : आम्ही पाच होमस्कूलिंग कुटुंबं मिळून वाचतो. मुलं लगेच आजच्या पुढाऱ्यांना स्क्वीलर, नेपोलियन म्हणायला लागली आणि पालकांचीच जुंपली. – एक गट, नाशिक

जुंपणारच. पुढाऱ्याचं नाव घेतलं की मुलं वाचणं थांबवतात आणि बाजू घेतात. माणसाऐवजी युक्तीला नाव द्यायचा नियम करा. तिसऱ्या प्रकरणातलं दुधाबद्दलचं स्क्वीलरचं भाषण घ्या आणि चार रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा. त्याग दाखवणं: आम्हाला दूध-सफरचंद आवडतही नाही. विज्ञानाचा हवाला: ते प्रकृतीला आवश्यक आहे हे सिद्ध झालंय. तुमचाच फायदा: आम्ही तुमच्यासाठीच खातो. भीती: नाहीतर जोन्स परत येईल! पाचवी युक्ती सहाव्या प्रकरणात येते: हे तुम्हाला स्वप्नात दिसलं नाही कशावरून? कुठं लिहून ठेवलंय का?

मग बाहेरचं उदाहरण आणायचं तर तीन अटी. पुस्तकातली कोणती युक्ती, ते वाक्य दाखवून सांगायचं. उदाहरणं दोन, विरुद्ध बाजूंची, त्यातलं एक आपल्या घरच्यांना पटणाऱ्या बाजूचं. आणि दोन्ही मुलाच्या जन्माआधीची. शेवटची अट सगळ्यात कामाची आहे, तिच्यामुळे आवाज एकदम खाली येतो. १९७५च्या आणीबाणीत सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. सोव्हिएत काळात १९२०च्या लेनिनच्या सभेच्या छायाचित्रातून व्यासपीठाजवळचा ट्रॉट्स्की पुसून टाकला गेला. ते मूळ आणि पुसलेलं अशी दोन्ही छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून मुलांना फरक शोधू द्या. एवढ्यावर तासभर सहज जातो.

प्रश्न : धाकटी अकरा वर्षांची आहे, तीही ऐकायला बसते. कत्तलीचं प्रकरण गाळावं का? – एक बाबा, ठाणे

तिला पाचव्या प्रकरणापर्यंत बसू द्या, पुढचं दोन वर्षांनी. सातवं गाळून आठवं वाचण्यात काही अर्थ नाही. ‘कारणाशिवाय’ ही भर तिथूनच येते. मोठ्या मुलांनाही बॉक्सरला खाटकाच्या गाडीतून नेतात ते नववं प्रकरण जड जातं. त्या दिवशी प्रश्नावली देऊ नका.

प्रश्न : मोफत पीडीएफ वापरणं कायदेशीर आहे का? आणि मराठी वाचावं की इंग्रजी? – एक वाचक, न्यू जर्सी

लेखकाचा मृत्यू जानेवारी १९५०चा. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे मूळ इंग्रजी इथं २०११पासून सर्वांना खुलं आहे. अमेरिकेत मात्र प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं धरतात, म्हणजे २०४०अखेरपर्यंत हक्क आहे. तिकडे विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा. मराठी अनुवादांचे हक्क वेगळे असतात, ते फुकट उतरवून घेऊ नयेत. वाचन इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, असं ठेवलं तर परदेशातल्या मुलांचं मराठीही वापरात राहतं.

प्रश्न : शेवटी मुलांकडून काय लिहून घ्यावं? ‘तुमची स्वतःची रूपककथा लिहा’ म्हटलं तर पानभर पाल्हाळ येतं. – एक आई, सातारा

कारण विषय फार मोठा दिला. एकच यंत्रणा निवडायला सांगा: नियम बदलणं, किंवा आकडे फुगवणं, किंवा सगळा दोष हजर नसलेल्यावर ढकलणं. स्थळ ओळखीचं हवं. हाउसिंग सोसायटी उत्तम: सूचनाफलक आहे, कमिटी आहे, पाण्याचा टँकर आहे, पार्किंग आहे. सहाशे ते आठशे शब्द. आधी सोसायटीचे पाच नियम लिहायचे, मग त्यातला एक कथेत तीनदा बदलायचा, दर वेळी जास्तीत जास्त तीन शब्दांनी. कमिटीतलं कुणीही वाईट हेतूनं सुरुवात करत नाही, ही अट घाला; नाहीतर सेक्रेटरी पहिल्या ओळीपासून खलनायक होतो आणि वाचणाऱ्याला पुढचं सगळं दिसायला लागतं. खऱ्या शेजाऱ्यांची नावं, फ्लॅट नंबर, लकबी चालणार नाहीत. दुसऱ्या दिवशी भावंडांनी कथा अदलाबदल करून वाचायची आणि पहिला बदल कुठं झाला तिथं खूण करायची. ती जागा पहिल्या वाचनातच सापडली तर कथा पुन्हा लिहायची.

प्रश्न : १९५४चा कार्टून चित्रपट दाखवावा का? – एक पालक, पणजी

दाखवा, पण पुस्तक संपल्यावर. हॅलस आणि बॅचलर यांच्या ब्रिटिश स्टुडिओनं तो केला आणि पैसा सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा होता. शेवट बदललेला आहे. पुस्तकात डुकरं आणि शेजारचे माणूस-शेतकरी एका टेबलाशी पत्ते खेळतात, नेपोलियन आणि पिल्किंग्टन दोघंही एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात आणि भांडण जुंपतं. खिडकीतून बघणाऱ्या जनावरांना डुक्कर कोण आणि माणूस कोण हे ओळखू येत नाही. ऑर्वेल यांच्या मनात इथं १९४३ची तेहरान परिषद होती, जिथं स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले होते. चित्रपटात शेवटच्या मेजवानीला माणसं नाहीतच, नुसती डुकरं आहेत, आणि जनावरं पुन्हा बंड करून त्यांच्यावर चालून जातात.

चित्रपट सुमारे सव्वा तासाचा आहे. शेवटची दहा मिनिटं दाखवण्याआधी थांबवा, पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा मोठ्यानं वाचा आणि मग पुढे चालू करा. नंतर मुलांना दोन प्रश्न लेखी द्या: माणसांना टेबलावरून उठवल्यानं पाश्चात्त्य देशांवरचा कोणता आरोप गळून पडला? आणि १९५४मध्ये हा शेवट कुणाला सोयीचा होता? उत्तर लिहिताना खाण्याची वही जवळ असू द्या.